‘शून्य’ लिहिलेल्या हाताची गोष्ट

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस जनावराचे दात बघतो, पण भाव ठरवतो चालीवरून. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या दर्शनासाठी आणि घोडेबाजारासाठी तापीकाठी गर्दी लोटते, त्या गर्दीत अशी पारखी नजर जागोजागी दिसते. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांची भिस्तही कितीतरी दशकं अशाच नजरेवर होती. हात उचला, बोटं उघडा असं सांगायचं आणि काय हलतं ते बघायचं.

दुसऱ्या महायुद्धात नसांना जखमा झालेल्या सैनिकांसाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्नायूंची ताकद 0 ते 5 अंकांत मोजण्याची पद्धत रूढ केली. ती आजही वॉर्डावॉर्डांत वापरतात. स्नायू किंचित जरी आवळलेला दिसला किंवा बोटाला जाणवला, तरी 1. काहीच नाही तर 0. लकवा झालेल्या किती हातांपुढे पहिल्या दिवशी हे शून्य लिहिलं गेलं असेल, आणि ते ऐकून किती घरांनी आशा सोडली असेल!

खरं तर स्नायूतली वीज त्याआधी बरीच वर्षं माहीत होती. गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरचे प्रयोग 1791 मध्ये प्रसिद्ध केले. 1849 मध्ये बर्लिनच्या द्यु बोआ-रेमों यांनी माणसाच्या आवळलेल्या हातातला प्रवाह टिपला. कातडीचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्यांनी हातावर फोड आणून वरची त्वचा काढली होती. 1929 मध्ये एड्रियन आणि ब्राँक यांनी बारीक सुई स्नायूत घालून एकेका चेतापेशीच्या हुकमाने उठणारे ठोके लाउडस्पीकरवर ऐकवले. सुईची ईएमजी, म्हणजे स्नायूतली वीज टिपणारी तपासणी, इथून घडत गेली.

ही सुई अर्धांगवायूच्या स्नायूत शिरली तेव्हा मात्र वाद उभा राहिला. इजा मेंदूत आहे, मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची नस शाबूत आहे, तेव्हा विश्रांतीत स्नायू गप्पच असायला हवा, अशी समजूत होती. 1967 मध्ये गोल्डकॅम्प यांनी 116 रुग्णांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या. त्या काळातल्या अशा अभ्यासांत लुळ्या स्नायूंमध्ये आपोआप उठणारे बारीक ठोके आढळू लागले. वरून येणारा हुकूम थांबल्यामुळे खालच्या पेशीही बिघडतात, असं काहींचं म्हणणं होतं. लोंबकळणाऱ्या खांद्यामुळे नसा ताणल्या जातात, असं इतरांचं. हे ठोके साधारण दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात विश्रांतीतल्या स्नायूत सुई घालून हाती फारसं लागत नाही.

पहिल्या आठवड्यात विचारायचा प्रश्न वेगळा असतो: मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचतो का? 1985 मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी चुंबकाच्या झटक्याने, कवटीला धक्का न लावता, मेंदूचा हालचालींचा भाग जागवून दाखवला. त्याचं उत्तर हाताच्या स्नायूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवर उमटतं. ऑकलंडच्या कॅथी स्टिनिअर आणि सहकाऱ्यांनी यावर एक पद्धत बसवली आणि 2017 मध्ये ती सुधारून मांडली. तिसऱ्या दिवशी खांदा आणि बोटांची ताकद 10 पैकी मोजायची. बेरीज 5 पेक्षा कमी आली, तर चुंबकाची चाचणी करायची. हात लुळा असूनही उत्तर उमटलं, तर तो कामाला येण्याची शक्यता चांगली मानतात.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये त्याहून साधी गोष्ट दाखवली. पक्षाघातानंतर थोड्याच दिवसांत, रुग्णालयाच्या खाटेवरच, त्यांनी हातावर बिनसुईचे, बिनतारी सेन्सर चिकटवले आणि नेहमीची तपासणी केली. डोळ्याला काहीच हललेलं दिसत नव्हतं, अशा वेळीही स्नायूतली हालचाल पडद्यावर उमटली. संकेत मिळाला म्हणजे हात बरा होणारच, असं नाही. पण व्यायाम कुठल्या स्नायूपासून सुरू करायचा, हे फिजिओथेरपिस्टला कळतं, आणि प्रयत्न वाया जात नाही हे रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. या दुसऱ्या गोष्टीचं मोल फार मोठं आहे.

महाराष्ट्रात ही गरज किती आहे, त्याची मोजणी झालेली आहे. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या गटाने 2005-06 मध्ये केलेल्या पाहणीत पंचवीस वर्षांवरच्या लाखभर लोकांमागे वर्षाला सुमारे 145 नवे पक्षाघात आढळले. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी 86 गावांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे मृत्यूंचं पहिलं कारण पक्षाघात होतं: 14.3 टक्के. त्यातले 87.3 टक्के मृत्यू घरीच झाले. शून्य लिहायलाही तिथे कोणी नव्हतं.

सारंगखेडा ज्या जिल्ह्यात आहे, तो नंदुरबारही गडचिरोलीसारखाच आदिवासीबहुल. धुळ्यापासून तो 1998 मध्ये वेगळा झाला, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळायला 2020 उजाडलं. चुंबकाचं यंत्र महाग आणि जड. ते गावोगाव नेता येणार नाही. त्वचेवर चिकटवायचे सेन्सर मात्र एका पिशवीत मावतात, आणि प्रशिक्षण मिळालेला फिजिओथेरपिस्ट ते घेऊन शहादा-दोंडाईचा रस्त्यावरच्या सारंगखेड्यासारख्या गावात रुग्णाच्या घरीही जाऊ शकतो. त्यासाठी रुग्णाची खबर त्याला पहिल्या आठवड्यातच लागायला हवी, आणि ती गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांइतकी, म्हणजे आशाताईंइतकी, लवकर दुसऱ्या कोणाला लागत नाही.