तबकडीवर कोणाचा चेहरा?

ग्वाल्हेरला 31 ऑक्टोबर 2023 रोजी युनेस्कोने ‘संगीताचं सर्जनशील शहर’ म्हणून मान्यता दिली. ज्या शहराची ओळख गाण्याने आहे, तिथे ते गाणं विकण्यासाठी काढलेल्या चित्रांकडेही नीट बघायला हवं. जुन्या तबकडीचं लेबल, एलपीचं कव्हर, सिनेमाचं पोस्टर ही सगळी त्या काळच्या लोकप्रिय गायकांची जाहिरातच होती. ती वाचताना आपण बरंच काही गृहीत धरतो, आणि त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

पहिल्यापासून प्रत्येक तबकडीला चित्राचं कव्हर असे, असं अनेकांना वाटतं. तसं नव्हतं. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी यायची ती साध्या कागदी पाकिटात. पाकिटाला मधोमध गोल भोक, म्हणजे लेबल बाहेरून वाचता यावं. सचित्र कव्हरची कल्पना अमेरिकेत कोलंबिया कंपनीतल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने 1940 च्या सुमाराला रुजवली. एलपी 1948 मध्ये आली आणि मग चित्राला फूटभर लांबीरुंदीची जागा मिळाली. तोवर आपल्याकडे गायकाची जी काही जाहिरात व्हायची ती प्रामुख्याने त्या तळहाताएवढ्या गोल कागदावर.

त्या लेबलवरची अक्षरं म्हणजे नुसती माहिती, हा समज तर मला सर्वांत महागात पडणारा वाटतो. नारायणराव व्यासांचंच उदाहरण घ्या. ग्वाल्हेर गायकीचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्यांच्या तबकड्या घराघरांत वाजल्या, ‘राधेकृष्ण बोल मुखसे’ हे भजन तर देशभर पोचलं. आजच्या भाषेत ते पॉप स्टारच. त्यांच्या नावामागे ‘प्रो.’ छापलेलं असे. या दोन अक्षरांचं काम मोठं होतं. गाणं-बजावणं हा भल्या घरचा व्यवसाय नव्हे, असं मानणाऱ्या समाजात ती अक्षरं सांगत होती की हा माणूस विद्या शिकवणारा आहे, याची तबकडी दिवाणखान्यात निःसंकोच लावा. विष्णु दिगंबरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, विद्यालयाचा स्वतःचा छापखानाही चालवला. छापील शब्दाने प्रतिष्ठा कशी मिळवायची हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून ‘प्रो.’ हा मला त्या लेबलच्या मांडणीतला सर्वांत विचारपूर्वक ठेवलेला भाग वाटतो. गायिका गौहर जान यांच्या नावामागे ‘मिस’ असे, तिथेही हेच बघावं. त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण 1902 मध्ये कलकत्त्यात झालं. गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारत, ते डौल म्हणून असं सांगितलं जातं. खरी गरज वेगळी होती. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळायला हवं होतं.

ग्रामोफोन कंपनीच्या लेबलवरचा भोंग्यासमोरचा कुत्रा हा मृत मालकाच्या शवपेटीवर बसून त्याचा आवाज ऐकतोय, ही कथा आजही सांगितली जाते. निपर या कुत्र्याचा पहिला मालक 1887 मध्ये वारला हे खरं. पण एडिसनचं सुधारलेलं मेणाच्या नळकांड्याचं यंत्र 1888 मध्ये आलं, तेव्हा मालकाचा आवाज घरात भरून ठेवलेला असणं शक्यच नाही. मालकाचा भाऊ फ्रान्सिस बॅरो याने ते चित्र रंगवलं. त्यात मुळात दुसऱ्याच प्रकारचं यंत्र, फोनोग्राफ होतं. ग्रामोफोन कंपनीने 1899 मध्ये चित्र घेतलं ते आपलं यंत्र रंगवून देण्याच्या अटीवर. मूळ चित्रावर विशिष्ट कोनातून उजेड पडला तर रंगाखाली आधीच्या यंत्राची आकृती अजून दिसते. जाहिरातीसाठी चित्र कसं बदलतं याचा याहून स्वच्छ पुरावा नाही.

कव्हरवरचा चेहरा म्हणजे आवाजाचा धनी, हा समज मात्र सिनेमाने पक्का केला. ‘महल’ (1949) मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ होतं. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. गायल्या होत्या लता मंगेशकर. ‘बैजू बावरा’ (1952) तर ग्वाल्हेरच्या दंतकथेवरच. चेहरे भारत भूषण आणि मीनाकुमारीचे. पण अकबराच्या दरबारातल्या जुगलबंदीत बैजूचा आवाज होता द. वि. पलुसकरांचा आणि तानसेनचा उस्ताद अमीर खाँचा. पलुसकर म्हणजे विष्णु दिगंबरांचे चिरंजीव, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. ग्वाल्हेरची खरी गायकी त्या सिनेमात होती, पण चेहऱ्याविना. जाता जाता हेही सांगायला हवं की परंपरा बैजूला राजा मानसिंह तोमराच्या दरबाराशी जोडते. मानसिंह 1516 मध्ये गेला आणि तानसेन अकबराकडे आला 1562 च्या सुमाराला. तेव्हा ती जुगलबंदी इतिहास म्हणून धरता येत नाही.

आता तानसेन. ग्वाल्हेर म्हटलं की चित्रकार तानसेन काढतो, भोवती दीपक रागाच्या ज्वाळा. दीपकची गोष्ट दंतकथा आहे. तानसेन, अकबर आणि स्वामी हरिदास यांचं जे चित्र पुष्कळदा छापलं जातं, ते अठराव्या शतकाच्या मध्याचं आहे. अकबर वारला 1605 मध्ये. म्हणजे चित्रकाराने त्या तिघांपैकी कोणालाच पाहिलेलं नव्हतं. चित्र सुंदर आहे, ते भक्तिभावाने पाहावं, पण त्याला तानसेनचा फोटो समजू नये.

यातून निघणारी चूक अधिक गंभीर आहे. ग्वाल्हेर घराण्याच्या ख्यालाच्या अल्बमवर तानसेन छापला की ऐकणाऱ्याला वाटतं, हे घराणं तानसेनचं. तानसेन ध्रुपद गायचा. ख्यालाचं ग्वाल्हेर घराणं घडलं एकोणिसाव्या शतकात, शिंद्यांच्या आश्रयाने, नत्थन पीरबख्श आणि त्यांचे नातू हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या हातून. त्यांच्याकडून ते वासुदेवबुवा जोशींकडे आणि पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमार्फत महाराष्ट्रात उतरलं. मधली दोनशेहून अधिक वर्षं एका चित्राने पुसून टाकणं बरं नाही. हद्दू खाँ गेले तेव्हा ध्वनिमुद्रणाचं यंत्रच निघालेलं नव्हतं. पण त्यांच्या मुलाचा, रहमत खाँचा आवाज तबकड्यांवर उतरला आहे. ग्वाल्हेरच्या ख्यालाचा अल्बम काढणाऱ्याने कव्हरवर त्यांना जागा द्यावी आणि खाली गुरुपरंपरा ठळक अक्षरांत छापावी.