प्रिंट होतंय, पण स्कॅन स्टोरेजमध्ये जात नाही? ही पाच ठिकाणं तपासा



बिलं स्कॅन करून ठेवा, असं मी प्रत्येक बॅचमध्ये सांगतो. त्यावर हमखास येणारा प्रश्न: "सर, वायफाय चालू आहे, प्रिंट निघतेय, मग स्कॅन घरच्या स्टोरेजमध्ये का जात नाही?"

हा प्रकार मी स्वतः भोगलाय. दुकानाच्या वरच घर, घरात राउटर आणि नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्क. नवीन इंटरनेट कनेक्शन घेतलं, राउटर बदलला. प्रिंटर नव्या वायफायला जोडला, एक प्रिंट काढून बघितली, झालं काम! तीन आठवड्यांनी सीएंनी खरेदीची बिलं मागितली. फोल्डर उघडला, तर शेवटची फाइल राउटर बदलायच्या आदल्या दिवशीची. दुकानातला मुलगा रोज इमानदारीत बिल काचेवर ठेवून बटण दाबत होता. स्क्रीनवर दोन सेकंद एरर येऊन जायचा, तोपर्यंत तो गिऱ्हाइकाकडे वळलेला असायचा. त्यातली काही बिलं थर्मल कागदावरची, प्लास्टिकच्या पाकिटात खिडकीपाशी ठेवलेली. अक्षरं उडून कोरी झाली होती. काहींची दुसरी प्रत व्यापाऱ्यांकडून मिळाली, दोन बिलं गेली ती गेलीच.

जीएसटीत हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. थर्मल कागद एवढा टिकत नाही. म्हणून हे स्कॅन नीट पोहोचणं महत्त्वाचं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

प्रिंट काढताना कॉम्प्युटर प्रिंटरकडे जातो. स्कॅन करताना उलटं होतं: प्रिंटर स्वतः स्टोरेजच्या दारात जाऊन लॉगिन करतो. त्यामुळे "प्रिंट होतंय" यावरून स्कॅनबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

सोसायटीत पार्सल घेऊन आलेला माणूस डोळ्यासमोर आणा. त्याला योग्य गल्ली हवी, फ्लॅट नंबर हवा, गेटवर नाव नोंदवायला हवं, वॉचमनची भाषा कळायला हवी आणि घरात पार्सल ठेवायला जागा हवी. आपण याच क्रमाने तपासू.

१. गल्ली: दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का?

प्रिंटरच्या नेटवर्क मेनूत त्याचा आयपी अ‍ॅड्रेस बघा, स्टोरेजचा राउटरच्या यादीत बघा. घरगुती राउटरवर दोन्हींचे पहिले तीन आकडे सहसा सारखे असतात, उदा. १९२.१६८.१. एकाचा १९२.१६८.० आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१ असेल, तर बहुतेक दोन राउटर मध्ये आलेत. प्रिंटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आणि प्रिंटर गेस्ट वायफायला जोडलेला नाही ना, हे बघा. गेस्ट वायफायवरून घरातली बाकी उपकरणं सहसा दिसत नाहीत.

२. फ्लॅट नंबर: पत्ता बदललाय का?

माझ्याकडे हेच झालं होतं. नव्या राउटरने स्टोरेजला नवा पत्ता दिला आणि प्रिंटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसला. प्रिंटरचा आयपी ब्राउझरमध्ये टाकला की बऱ्याच मॉडेलचं सेटिंगचं पान उघडतं. तिथे स्कॅनच्या फोल्डरचा पत्ता दुरुस्त करा. स्टोरेजचं नाव टाकण्यापेक्षा आयपी टाका, कारण काही प्रिंटरना नावावरून पत्ता शोधता येत नाही.

मग राउटरमध्ये जाऊन स्टोरेजचा आयपी राखून ठेवा. या सेटिंगला बहुतेक ठिकाणी अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. हे केलं नाही, तर पुन्हा कधीतरी लाइट जाऊन आली की तेच रडगाणं.

३. गेटवरची नोंद: युजर, पासवर्ड, परवानगी

प्रिंटरला तुमचं अ‍ॅडमिनचं लॉगिन देऊ नका. स्टोरेजमध्ये त्याच्यासाठी वेगळा युजर बनवा आणि फक्त स्कॅनच्या फोल्डरवर वाचायची-लिहायची परवानगी द्या. नुसती वाचायची परवानगी असेल तर लॉगिन होईल, पण फाइल बसणार नाही. पासवर्ड लांब ठेवा, पण अक्षरं आणि आकडेच वापरा. काही प्रिंटर विशेष चिन्हांवर अडखळतात.

आता लॉगिन करून बघा. लॅपटॉपवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि \\१९२.१६८.१.५०\स्कॅन असा तुमचा पत्ता टाका (टाइप इंग्रजीतच करायचं). प्रिंटरचाच युजर-पासवर्ड देऊन एक फाइल टाकून बघा. पण सावध! रोजच्या लॅपटॉपमध्ये तुमचा जुना पासवर्ड साठवलेला असतो, त्यामुळे तो न विचारताच आत जातो आणि आपली फसगत होते. ही चाचणी दुसऱ्या लॅपटॉपवरून करा.

४. भाषा: एसएमबीची आवृत्ती

लॅपटॉपवरून फाइल जाते, तोच पत्ता आणि पासवर्ड देऊनही प्रिंटरवरून जात नाही? मग संशय इथे घ्या. नेटवर्कवरच्या फोल्डरशी बोलायच्या पद्धतीला एसएमबी म्हणतात. जुन्या प्रिंटरना बऱ्याचदा फक्त तिची पहिली आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो याच आवृत्तीतल्या त्रुटीतून. त्यानंतर नवीन स्टोरेज ती सहसा बंदच ठेवतात.

आधी प्रिंटरचं फर्मवेअर अपडेट करा आणि स्टोरेजमध्ये किमान आवृत्ती २ ठेवा. काही जण सांगतील, पहिली आवृत्ती चालू करून टाका. मी करत नाही, तुम्हीही करू नका. बिलं सुरक्षित राहावीत म्हणून तर हा सगळा खटाटोप! प्रिंटरला दुसरी आवृत्ती येतच नसेल, तर ईमेलवर स्कॅन पाठवा किंवा लॅपटॉपवर स्कॅन घेऊन तिथून फोल्डरमध्ये टाका. एफटीपीचा पर्यायही असतो, पण त्यात पासवर्ड उघडा जातो. तो घरातल्या नेटवर्कपुरताच ठेवा, राउटरमधून बाहेर उघडू नका.

५. जागा: डिस्क भरली आहे का?

स्टोरेजची रिकामी जागा, त्या युजरची मर्यादा आणि रिसायकल बिन बघा. रंगीत ए४ पान ३०० डीपीआयला दाबून लहान न करता साठवलं, तर सुमारे २५ एमबी होतं. साध्या बिलाला एवढं कशाला? ब्लॅक अँड व्हाइट, २०० ते ३०० डीपीआय, पीडीएफ पुरे. जाता जाता प्रिंटरची तारीख-वेळही बघा. ती चुकली तर काही ठिकाणी लॉगिन नाकारलं जातं.

आणि शेवटची सवय

दर शनिवारी गल्ला मोजताना फोल्डर उघडायचा आणि त्या आठवड्यातली बिलं आणि फाइल्स मोजून ताडून बघायच्या. आमच्याकडे नियमच आहे: फाइल उघडून बघितल्याशिवाय कागद पाकिटात जात नाही. राउटर, पासवर्ड किंवा स्टोरेज, काहीही बदललं तर त्याच दिवशी एक पान स्कॅन करून बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. माझी तीन आठवड्यांची बिलं त्या दोन मिनिटांच्या आळसात अडकली होती.

अजून अडलं, तर प्रिंटरचं मॉडेल आणि स्क्रीनवरचा एरर जसाच्या तसा कमेंटमध्ये लिहा. पासवर्ड मात्र लिहू नका हं, मागे एकाने खरंच लिहिला होता!