तंबाखूचे वेष्टन व शाळेचे कर्तव्य

तंबाखूच्या पदार्थांचे वेष्टन हे केवळ माल बांधण्याचे साधन नसून ती एक मूक जाहिरात असते. इतर जाहिरातींस कायद्याने बंदी झाली, तरी रंगीत वेष्टन गिऱ्हाइकाच्या खिशातून घरोघरी पोहोचते. हे ओळखून ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून सर्व सिगारेटची पाकिटे एकाच मळकट तपकिरी रंगाची केली. आकर्षक रंग व बोधचिन्हे गेली. मालाचे नाव तेवढे लहान व एकसारख्या अक्षरांत राहिले.

भारतात वेष्टन असे साधे झालेले नाही. मात्र २००३ च्या कायद्यान्वये मे २००९ पासून वेष्टनावर चित्रमय इशारा आला, आणि १ एप्रिल २०१६ पासून त्याने दर्शनी बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापला पाहिजे, असे ठरले. निरक्षर मनुष्यालाही चित्र समजते, हा त्यातील मोठा गुण होय.

परंतु इशारा वेष्टनावर असतो, विडीवर नसतो. सुटी विडी घेणाऱ्याच्या दृष्टीस तो पडतच नाही. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट व विड्यांच्या विक्रीस मनाई केली, तिचे महत्त्व यातच आहे.

तथापि जांभूळ असो वा अन्य कोणतेही गाव, आजोबांची पुडी आणण्यास नातवालाच दुकानी धाडण्याची रीत अनेक घरांत आढळते. मूल आज्ञा पाळते. दोष त्याचा नव्हे. पण जी वस्तू ते वडीलधाऱ्यांसाठी रोज आणते, तिचे भय त्याच्या मनात उरत नाही. मग चित्र कितीही मोठे असले तरी व्यर्थ होय. वास्तविक १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे, तसेच शाळेच्या कुंपणापासून १०० यार्डांच्या आत ती विकणे, हे दोन्ही गुन्हे आहेत.

म्हणून शिक्षकांनी मोजमापाच्या पाठात विद्यार्थ्यांकडून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, अंतर दोरीने मोजवून घ्यावे. पालकसभेत कोणाचाही उपमर्द न करता, मुलांना पुडीसाठी न धाडण्याविषयी विनवावे. मात्र ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या खिशात तंबाखूची डबी आहे, त्याने प्रथम ती दूर करावी. कारण मुले वेष्टनापेक्षा गुरुजींकडे अधिक पाहत असतात.