मदत त्यांची, अट त्यांची; मग माणसे कोणाची?

१९०१ सालची गोष्ट आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदार म्हणून नोकरीला होते. दुष्काळाने माणसे हजारोंनी मरत होती. त्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. सुटीत वडिलांकडे निघालेला नऊ-दहा वर्षांचा भीमराव घरातल्या इतर मुलांसह मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून मुले निघाली. जवळ डबा होता, पण वाटेत कोणी पाणी देईना, म्हणून ती उपाशीच राहिली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. अस्पृश्यतेचा दाखला म्हणून आपण तो नेहमी सांगतो. परंतु त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सरकार दुष्काळग्रस्तांसाठी तलाव खोदत होते आणि त्या तलावाकडे जाणाऱ्या मुलांना घोटभर पाणी मिळत नव्हते. मदत मंजूर होणे वेगळे आणि ती माणसापर्यंत माणूस म्हणून पोहोचणे वेगळे. आज ज्याला ‘आंतरराष्ट्रीय विकास सहकार्य’ असे भारदस्त नाव आहे, त्यालाही आम्ही हीच कसोटी लावू इच्छितो. परदेशातून पैसा आला, त्याचे काय झाले, अटी कोणी घातल्या आणि ज्यांच्या नावावर तो आला त्यांना कोणी विचारले काय? यासाठी दिल्ली-न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. आपले सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पुरेसे आहेत.

आधी कोयना पाहू. स्वातंत्र्यानंतर परदेशी मदत म्हणजे सरकारने सरकारला किंवा बँकेने सरकारला दिलेला पैसा. भारताला कर्ज देणाऱ्या देशांचा गट १९५८ साली जागतिक बँकेच्या पुढाकाराने तयार झाला. १९५९ मध्ये जागतिक बँकेने कोयना वीज प्रकल्पासाठी अडीच कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९६२ मध्ये बँकेच्याच आंतरराष्ट्रीय विकास संघाने दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी एक कोटी पंचाहत्तर लाख डॉलर दिले. धरण पाटण तालुक्यात झाले, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरवले गेले आणि वीज मुंबईच्या कारखान्यांना मिळाली. देशाला विजेची गरज होती, हे आम्ही नाकारत नाही. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घालणारे मजूरमंत्री बाबासाहेबच होते. धरणाला आंधळा विरोध हा आमचा वारसा नाही.

प्रश्न करारनाम्याचा आहे. त्यावर सह्या बँकेच्या आणि सरकारच्या. ज्यांची घरे, शेते आणि स्मशाने पाण्याखाली गेली त्यांची सही कुठेच नाही. त्या काळी भूसंपादन चालत असे १८९४ च्या इंग्रजी कायद्याने. तो कायदा जमिनीत कायदेशीर हितसंबंध असणाऱ्याला नुकसानभरपाई देत होता. ज्याचे पोट बलुत्यावर आणि दुसऱ्याच्या बांधावर होते, त्याचा हितसंबंध सातबाऱ्यावर नव्हता. महार वतनाची गोष्टही त्याच वर्षांतली आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि वतनदाराला आपलीच जमीन ठरलेली रक्कम सरकारात भरून पुन्हा मंजूर करून घ्यावी लागली. धरणाच्या छायेत ज्याच्या कागदाचा फेर झाला नाही, त्याने भरपाई कोणाच्या नावावर मागायची? महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली आणि जागतिक बँकेचे विस्थापनविषयक पहिले धोरण आले १९८० साली. कोयनेत पाणी अडले होते त्याच्या कितीतरी आधी. म्हणूनच २०१८ मध्ये कोयनानगरला धरणग्रस्त ठिय्या देऊन बसले, तेव्हा आजोबांच्या हक्काची जमीन नातवंडे मागत होती. कर्जाच्या हप्त्यांना तारीख होती, पुनर्वसनाला नव्हती.

पुढे नियम बदलले. पण ते कोणाच्या दयेने बदलले नाहीत. नर्मदा खोऱ्यातील लोकांनी लढा दिला. बँकेला स्वतंत्र आयोग नेमावा लागला आणि १९९३ मध्ये भारत सरकारने सरदार सरोवराच्या कर्जाचा उरलेला भाग सोडून दिला. त्याच वर्षी बँकेने आपला तपासणी मंडळ स्थापन केला. बँकेने स्वतःचेच नियम मोडल्यामुळे नुकसान झाले असेल, तर दोन किंवा अधिक बाधित माणसे एकत्र येऊन थेट तिथे तक्रार करू शकतात. आपल्या किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे?

नव्वदच्या दशकात पैशाने आणखी एक वाट धरली. तो सरकारला टाळून स्वयंसेवी संस्थांकडे येऊ लागला. कर्जाऐवजी अनुदान आणि धरणाऐवजी आरोग्य, महिला, एड्स असे विषय आले. आता सांगलीकडे वळू.

सांगलीच्या गोकुळनगर वस्तीत १९९२ पासून संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजे ‘संग्राम’, एड्स प्रतिबंधाचे काम करीत आली. त्या वस्तीतल्या स्त्रियाच एकमेकींना माहिती देत आणि निरोध वाटत. त्यातूनच १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. या पट्ट्यात या व्यवसायात आलेल्या कितीतरी भगिनी देवदासी म्हणून सोडलेल्या आणि आपल्याच जातींतल्या आहेत, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

२००३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने एड्सविरोधी मदतीचा कायदा केला. त्यात अट अशी की, पैसा घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असे धोरण लेखी स्वीकारले पाहिजे. ‘संग्राम’पुढे हा कागद आला तेव्हा तिने सही केली नाही आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या ‘युसेड’चा निधी नाकारला. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर काम उभे आहे, त्यांच्याच विरोधात लिहून देऊन त्यांच्या हाती निरोध कसा द्यायचा, हा सरळ प्रश्न होता. त्याच वर्षी ब्राझीलच्या सरकारनेही याच अटीमुळे सुमारे चार कोटी डॉलर नाकारले. एक सार्वभौम देश आणि सांगलीतली एक संस्था एकाच ओळीत उभी राहिली!

पुढचा कायदेशीर भाग तर डोळे उघडणारा आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट अमेरिकी संस्थांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते असे ठरवले. परंतु २०२० मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, परदेशात काम करणाऱ्या परदेशी संस्थांना हे संरक्षण मिळणार नाही. म्हणजे पैसा एकच, अट एकच, पण न्यूयॉर्कच्या संस्थेला मत असण्याचा हक्क आणि सांगलीच्या संस्थेला नाही. वर्णव्यवस्था आम्ही ओळखतो. ती समुद्रापलीकडेही सापडते.

येथे आपलेच वाचक आम्हाला अडवतील. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील भगिनींना, देवदासी-जोगतिणींना, हे लाजिरवाणे जिणे सोडा असे स्पष्ट सांगितले नव्हते काय? होय, सांगितले होते. देवदासी प्रथा ही जातीने लादलेली गुलामगिरी आहे आणि ती संपलीच पाहिजे, या मतावर आम्ही ठाम आहोत. वेश्याव्यवसाय हे काम मानावे की नाही, यावर ‘संग्राम’शी आपला मतभेद असू शकतो. आम्हा मित्रांमध्येही तो आहे आणि चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. परंतु बाबासाहेबांनी त्या भगिनींना समोर बसवून, आपल्या समाजाच्या लेकी मानून सांगितले. सोबत चला, माणूस व्हा, अशी ती हाक होती. अमेरिकेच्या कागदात हाक नव्हती. त्या स्त्रियांचे तोंडही न पाहता त्यांच्या आरोग्याच्या पैशावर घातलेली ती अट होती. हाक आणि अट यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला १९३६ चे भाषण कळलेले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९ मे २०२२ च्या आदेशात या स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावे असे बजावले आहे. तो सन्मान संविधानाच्या कलम २१ मधून येतो, कोणाच्या अनुदानातून नव्हे.

वकील म्हणून आमचाही एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या छोट्या संस्थेचे कार्यकर्ते करारनामा घेऊन आमच्याकडे आले. चाळीस पाने, सगळी इंग्रजी. पैसे देणारी मोठी संस्था दोन दिवसांत सही मागत होती. आम्ही तो वाचून मराठीत समजावला. काम कोणत्याही क्षणी बंद करण्याचा हक्क देणाऱ्याकडे होता. काम बंद झाल्यास गावाला कारण सांगण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती. सगळे ऐकून एक कार्यकर्ती म्हणाली, “साहेब, मग यात आम्ही कुठं आहोत?” आम्ही पुन्हा पाने चाळली. ‘लाभार्थी’ या शब्दात त्या होत्या, एवढेच.

आता तर ती वाटही आटली आहे. २००३ मध्येच भारत सरकारने मोजके देश वगळता इतरांची थेट मदत बंद करायचे ठरवले. ब्रिटनने २०१५ पर्यंत आपले पारंपरिक अनुदान थांबवले. २०१२ पासून परराष्ट्र मंत्रालयात वेगळा विभाग काढून भारत स्वतःच इतर देशांना मदत देणारा झाला. २०२० मध्ये परकीय योगदान कायद्यात दुरुस्ती होऊन एका संस्थेने दुसरीला परकीय निधी देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थांमार्फत ज्यांना पैसा मिळत असे त्या खेड्यातल्या छोट्या संस्थांचा आधार त्याने तुटला. आणि १ जुलै २०२५ रोजी खुद्द ‘युसेड’ बंद झाली. १९६१ मध्ये स्थापन झालेली जगातली एवढी मोठी यंत्रणा एका सरकारने काही महिन्यांत मोडीत काढली. जगभरच्या दवाखान्यांतल्या रुग्णांना कोणी विचारले काय?

म्हणून दान बंद झाले याचा आम्ही आनंद मानत नाही आणि शोकही करत नाही. परदेशी हात सगळेच वाईट नसतात. ब्रिटनमधील धम्मबांधवांच्या मदतीने महाराष्ट्रात वसतिगृहे उभी राहिली आणि आपली मुले तिथे शिकली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. प्रश्न पैशाच्या रंगाचा नाही, टेबलावरच्या खुर्चीचा आहे. कोयनेत खुर्ची नव्हती, कागदही दाखवला नाही. सांगलीत कागद दाखवला, खुर्ची मात्र दिली नाही. तेव्हा आपल्या भगिनींसोबत उभ्या असलेल्या संस्थेने तो कागद परत केला.

पुढची परीक्षा दारात आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णा-भीमा खोऱ्यातील पूर आटोक्यात आणण्यासाठी राज्य शासनाने जागतिक बँकेच्या कर्जाचा कार्यक्रम हाती घेतला. नदीकाठच्या किती गावांत बौद्धवाडा, मातंगवस्ती सखल भागात आहे, हे पुराचे पाणी पाहिलेल्यांना विचारा. या वेळी आपण झोपून राहायचे काय? गावोगावच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज लावून प्रकल्पाचा कागद मागावा. तो मराठीत ग्रामसभेत वाचून घ्यावा. आपल्या वस्तीचे नाव त्यात कुठे आहे ते तपासावे. नसेल तर हरकत नोंदवावी आणि त्यानेही भागले नाही तर बँकेच्या तपासणी मंडळाची वाट माहीत असावी. सोबत दोन माणसे असली की पुरे.

आणि शेवटी, बाबासाहेबांनी आपल्याला उत्पन्नाचा विसावा हिस्सा समाजासाठी द्यायला सांगितले होते. त्या पैशाला कोणत्याही परदेशी काँग्रेसची अट लागत नाही. तो हिस्सा आपण नियमाने दिला असता, तर त्या कार्यकर्तीला चाळीस इंग्रजी पाने घेऊन आमच्या दारात यावे लागले असते काय?

जय भीम!