फ्लोरिडाची न मोजलेली मतं

मतदाराच्या हातात एक जाड कार्ड यायचं. त्यावर उमेदवाराचं नाव नसायचं की पक्षाचं चिन्ह. फक्त आकडे आणि आधीच अर्धवट कापून ठेवलेले बारीक चौकोन. हे कार्ड यंत्राच्या फटीत सरकवायचं, त्याची वरची दोन भोकं दोन खुंट्यांत बसवायची, यंत्रावरची पुस्तिका उघडायची आणि हव्या त्या नावासमोरच्या छिद्रात टोकदार सळई दाबायची. खालचा चौकोन तुटून पडला की मत झालं. पुरता तुटला नाही, तर मतदार निश्चिंत मनानं घरी जायचा आणि मत मात्र कार्डातच अडकून राहायचं. ७ नोव्हेंबर २००० रोजी फ्लोरिडा राज्यातल्या अनेक काउंट्यांमध्ये लोकांनी अशा कार्डांवर अमेरिकेचा अध्यक्ष निवडला. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. फ्लोरिडात अशा ६७ काउंट्या आहेत.

निकाल सर्वांना ठाऊक आहे. रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना २९,१२,७९० आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांना २९,१२,२५३ मतं. फरक ५३७. एखाद्या सरपंचाच्या निवडणुकीत शोभावा असा हा फरक आणि त्यावर जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाची सत्ता ठरली. पण मला या कहाणीत ५३७ हा आकडा महत्त्वाचा वाटत नाही. त्या राज्यात सुमारे १ लाख ८० हजार मतपत्रिका मोजणीतून बाद झाल्या, तो आकडा मला महत्त्वाचा वाटतो. ती माणसं मतदान केंद्रावर गेली होती, रांगेत उभी राहिली होती.

आधी अमेरिकेची रीत थोडक्यात सांगायला हवी. तिथं अध्यक्ष थेट जनतेच्या एकूण मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक मतं असतात आणि बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं पडतात. एकूण ५३८, जिंकायला २७० लागतात. देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मतं मिळाली होती. तरी बाकीची सगळी राज्यं धरून गोर २६७ वर आणि बुश २४६ वर अडकले. फ्लोरिडाची २५ मतं ज्याची, त्याचं व्हाइट हाउस.

त्या रात्री टीव्ही वाहिन्यांनी घाई केली. राज्याच्या पश्चिम टोकाचं घड्याळ एक तास मागे असतं. तिथं मतदान अजून चालू असतानाच वाहिन्यांनी फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकलं. दोनेक तासांनी ते परत घेतलं. पहाटे दोननंतर बुश जिंकल्याचं जाहीर केलं. गोर यांनी बुश यांना फोन करून पराभव मान्य केला आणि समर्थकांसमोर भाषण करायला ते नॅशव्हिलमध्ये निघालेही. वाटेत सहकाऱ्यांचा निरोप आला: आघाडी झपाट्यानं घटतेय. गोर यांनी पुन्हा फोन करून आपला शब्द मागे घेतला. पहाटेपर्यंत वाहिन्यांनीही घूमजाव केलं. सकाळी आघाडी दोन हजारांच्या आत आली होती आणि कायद्यानं यंत्रांवर फेरमोजणी आपोआप लागू झाली. तिच्यानंतर फरक जेमतेम तीनशेवर आला.

सर्वांत जास्त बोभाटा झाला पाम बीच काउंटीचा. तिथल्या निवडणूक अधिकारी थेरेसा लपोर यांच्यासमोर साधी अडचण होती. अध्यक्षपदाला दहा उमेदवार. सगळी नावं एका पानावर घेतली तर अक्षरं बारीक होणार, आणि काउंटीत तर निवृत्त, वयस्क मतदारांची मोठी वस्ती. म्हणून त्यांनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि छिद्रांची रांग मधोमध ठेवली. पानं फुलपाखराच्या पंखांसारखी दिसत, म्हणून तिला फुलपाखरू मतपत्रिका म्हणतात. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. उजव्या पानावर पहिलं नाव पॅट ब्युकॅनन. पण छिद्रांचा क्रम मात्र पहिलं बुश, दुसरं ब्युकॅनन, तिसरं गोर. डावं पान वाचून दुसऱ्या नावाला दुसरं छिद्र दाबणाऱ्याचं मत ब्युकॅनन यांच्याकडे गेलं.

लपोर स्वतः डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्या होत्या. हेतू वृद्धांची सोय एवढाच होता. नमुना आधी पक्षांना दाखवला होता, कुणी हरकत घेतली नाही. मला यात डाव दिसत नाही. पण परिणाम क्रूर झाला. ब्युकॅनन यांना पाम बीचमध्ये ३,४०० च्या वर मतं पडली. शेजारच्या, तिच्याहून मोठ्या ब्रोवर्ड काउंटीत ती आठशेच्या आत होती. पाम बीचमध्ये ज्यू मतदार मोठ्या संख्येनं राहतात आणि ब्युकॅनन यांचे विचार त्यांना मुळीच रुचणारे नव्हते. खुद्द ब्युकॅनन यांनीच नंतर टीव्हीवर सांगितलं की यातली बरीचशी मतं आपली नसावीत. आणखी १९ हजारांवर मतपत्रिकांना दोन भोकं पडलेली होती. चूक लक्षात आल्यावर बहुतेकांनी दुसरं भोक पाडून ती सुधारायचा प्रयत्न केला असणार. त्या सगळ्या बाद झाल्या.

मात्र पाम बीचच्या गदारोळात दुसऱ्या दोन काउंट्या झाकल्या गेल्या. राजधानी टॅलाहासी ज्या लिऑन काउंटीत आहे, तिच्या शेजारी गॅड्सडेन. ही फ्लोरिडातली कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेली एकमेव काउंटी. दोन्हीकडे मतपत्रिका कागदाच्या होत्या, यंत्रानं वाचायच्या. लिऑनमध्ये यंत्र मतदान केंद्रातच होतं. चुकून दोन उमेदवारांवर खूण झाली तर यंत्र कागद परत बाहेर ढकलायचं आणि मतदाराला नवी मतपत्रिका मिळायची. गॅड्सडेनमध्ये कागद पेटीत पडायचे आणि मुख्य कार्यालयात एकत्र मोजले जायचे. तिथं चूक सापडेपर्यंत मतदार घरी पोचलेला. त्यात उमेदवारांची नावं दोन रकान्यांत विभागलेली, म्हणून अनेकांनी दोन्हीकडे खूण केली. लिऑनमध्ये बाद मतांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. गॅड्सडेनमध्ये सुमारे १२ टक्के. मधे फक्त काउंटीची हद्द. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगानं २००१ मध्ये म्हटलं की फ्लोरिडात कृष्णवर्णीय मतदाराची मतपत्रिका बाद होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दहापट होती.

शिवाय मतदारयादीतूनच वगळलेले वेगळे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना तिथं मतदानाचा हक्क नव्हता. अशांची नावं काढण्यासाठी राज्यानं एका खासगी कंपनीकडून यादी करून घेतली. नावांची जुळणी इतकी सैल होती की नामसाधर्म्यामुळे निर्दोष माणसंही तिच्यात आली. काही काउंट्यांनी ती यादी वापरायला नकार दिला. जिथं वापरली, तिथं काहींना केंद्रावर गेल्यावरच कळलं की आपलं नाव नाही. मतदारयादीत नाव नसल्यामुळे हात हलवत परतलेली माणसं आपल्याकडच्या प्रत्येक निवडणुकीत भेटतात. त्या अपमानाची कल्पना मराठी वाचकाला वेगळी द्यायला नको.

पुढचे छत्तीस दिवस कज्जेदलालीचे. गोर यांनी चार काउंट्यांत हातानं फेरमोजणी मागितली. मग न तुटलेल्या त्या इवल्या चौकोनाचा, 'चॅड'चा, काथ्याकूट सुरू झाला. एका कोपऱ्यावर लोंबणारा चॅड मत धरायचा का? नुसता फुगलेला? नुसता दबलेला? ब्रोवर्डमध्ये न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग डोळे विस्फारून, भिंगातून एक कार्ड निरखत असल्याचं छायाचित्र जगभर छापून आलं. प्रत्येक काउंटीचा निकष निराळा होता. मायामी-डेडमध्ये मोजणीच्या इमारतीत रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी गोंधळ घातला, त्याच दिवशी तिथली मोजणी थांबवण्यात आली आणि पुन्हा सुरू झाली नाही. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकारी कॅथरीन हॅरिस या बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या, आणि गव्हर्नर जेब बुश हे उमेदवाराचे धाकटे भाऊ. पाम बीचची फेरमोजणी मुदतीनंतर जेमतेम दोन तासांनी पुरी झाली. हॅरिस यांनी ती स्वीकारली नाही. २६ नोव्हेंबरला ५३७ वर शिक्कामोर्तब झालं.

८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी राज्यभर, यंत्रांना ज्यांत मत दिसलं नव्हतं त्या मतपत्रिका हातानं मोजायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं ती मोजणी थांबवली आणि १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी ती कायमची बंद केली. कारण असं दिलं की प्रत्येक ठिकाणी वेगळा निकष लावणं मतदारांच्या समान हक्काविरुद्ध आहे. दोष खरा होता. पण समान निकष घालून देऊन मोजणी पुरी करा, असं म्हणण्याऐवजी मोजणीच नको असं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. आपला निकाल याच प्रकरणापुरता आहे असंही न्यायालयानं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गोर यांनी पराभव स्वीकारला.

मग खरं कोण जिंकलं? २००१ मध्ये मोठ्या वृत्तसंस्थांनी शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेकडून १,७५,०१० बाद मतपत्रिका तपासून घेतल्या. गोर यांनी मागितलेली मर्यादित मोजणी झाली असती, तर बुशच थोडक्यात जिंकले असते. राज्यभरातली सर्व बाद मतं, दोन खुणांचीसुद्धा, तपासली असती, तर गोर ६० ते १७१ मतांनी पुढे गेले असते. म्हणजे खुद्द गोर यांच्या वकिलांनीही चुकीच्या ठिकाणी खणलं. त्यांनी आपल्या बालेकिल्ल्यांतली मतं शोधली, सगळ्या फ्लोरिडाची नाही.

२००२ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कायदा करून ही कार्डं हटवण्यासाठी राज्यांना पैसा दिला. त्यानंतर ती हळूहळू वापरातून गेली.

आपल्याकडे मतपत्रिकेचा नमुना जिल्ह्याजिल्ह्याला बदलत नाही. नावं एकाखाली एक असतात, शेजारी चिन्ह असतं. पण इवल्या फरकाचे निकाल इथंही लागतात: २०२४ साली मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेआड तुमच्या उमेदवाराच्या नाव-चिन्हाची चिठ्ठी सात सेकंद दिसते. गॅड्सडेनच्या मतदाराला हे सात सेकंद मिळाले नव्हते. पुढच्या मतदानाला बटण दाबून लगेच वळू नका. ती चिठ्ठी वाचा.