रेसच्या गाडीची सीट निवडताना

कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर गो-कार्ट चालवून अनेकांना रेसिंगचा नाद लागतो. कार्टला पट्टा नसतो. सुरक्षा पिंजरा (रोल केज) बसवलेल्या रेसकारमध्ये मात्र सीट, पट्टे आणि चालक एकजीव हवेत.

सीट घेताना आधी मागचं किंवा बाजूचं लेबल वाचा. त्यावर एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेचा मानक क्रमांक आणि निर्मितीची तारीख असते. ‘८८५५-१९९९’ची सीट साधारण 5 वर्षं चालते, ‘८८६२-२००९’ची 10 वर्षं. म्हणून स्वस्तातली जुनी सीट तांत्रिक तपासणीत बाद होऊ शकते. अपघातातून निघालेली सीट तर घेऊच नका. फायबरची बारीक चीर कापडाखाली दिसत नाही.

मग बसून बघा, तेही हेल्मेट घालून. कंबर हलता कामा नये आणि खांद्याचे पट्टे सीटच्या खाचांतून सरळ मागे जायला हवेत.

सीट बसवायचं ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात हवं तसं करून मिळतं, पण एफआयएचा नियम सांगून ठेवा: पोलादी पत्रा किमान 3 मिलिमीटर जाड, बोल्ट किमान 8 मिलिमीटरचे. शेवटी, स्पर्धेची नियमावली वाचल्याशिवाय पैसे मोजू नका.