लिमोझवरच्या तीन फेऱ्या

अंधेरीच्या महाकाली केव्हज रोडवर ‘चेशायर होम’ आहे. हे नाव एखाद्या दानशूर शेटजींचं किंवा पाद्र्याचं असेल, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. ते दुसऱ्या महायुद्धातल्या एका बॉम्बफेकी वैमानिकाचं आहे हे कळलं, आणि तेव्हापासून लेनर्ड चेशायरनं माझी पाठ सोडलेली नाही. शहरांवर बॉम्ब टाकणारा माणूस अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरं का काढतो? याचं उत्तर सहसा नागासाकीत शोधलं जातं. मला ते फ्रान्समधल्या लिमोझ गावात सापडलं.

जन्म १९१७चा, शिक्षण ऑक्सफर्डला, जून १९४०पासून मोहिमांवर. त्याच नोव्हेंबरात कलोनवर तोफेचा गोळा विमानात फुटला, एक बाजू उडाली, आग लागली. तरी बॉम्ब टाकूनच विमान माघारी आणलं. पंचविसाव्या वर्षी ग्रुप कॅप्टन. १९४३च्या ऑक्टोबरात मात्र त्यानं आपण होऊन हुद्दा खाली उतरवून घेतला, कारण त्याला पुन्हा मोहिमांवर जायचं होतं. जर्मनीची धरणं फोडणारी ६१७ स्क्वाड्रन त्याच्या हाती आली.

इथून खरा वाद सुरू होतो. अंधारात आधी एखादं विमान लक्ष्यावर पेटती निशाणी टाकी आणि मागचे तिच्यावर बॉम्ब टाकत. ही निशाणी उंचावरून पडे. डिसेंबर १९४३मध्ये आबव्हीलजवळच्या मोहिमेत ६१७चे सगळे बॉम्ब निशाणीपासून शंभर यार्डांच्या आत पडले, पण निशाणीच साडेतीनशे यार्डांनी चुकली होती. लक्ष्य तसंच उभं राहिलं. चेशायरचं म्हणणं सरळ होतं: खाली जा, डोळ्यांनी बघा, मग निशाणी टाका. निशाणी टाकणाऱ्या पाथफाइंडर दलाचे प्रमुख बेनेट यांना ते पटत नव्हतं. चेशायरचे वरिष्ठ कॉक्रन त्याच्या पाठीशी राहिले.

८ फेब्रुवारी १९४४च्या रात्री लिमोझवर लख्ख चांदणं होतं. ग्नोम-रोनच्या कारखान्यात जर्मनांसाठी विमानांची इंजिनं बनत. रात्रपाळीला फ्रेंच कामगार होते, बहुतेक बायका. चेशायरनं आपलं चार इंजिनांचं लँकेस्टर थेट कारखान्याच्या छपरांवरून नेलं. काहीच टाकलं नाही. वळून पुन्हा आला, मग तिसऱ्यांदा. त्या घरघरीचा अर्थ एकच होता: बाहेर पडा. चौथ्या फेरीत पन्नास ते शंभर फुटांवरून त्यानं अग्निबॉम्ब टाकले. मागच्या अकरा विमानांनी प्रत्येकी १२,००० पौंडी बॉम्ब टाकला. दहा कारखान्यावर पडले, एक शेजारच्या नदीत. उत्पादन जवळजवळ थांबलं. फ्रेंच माणसं दगावली असलीच, तर अगदी थोडी.

आता ८ सप्टेंबर १९४४चं लंडन गॅझेट पाहा. चेशायरला मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या गौरवपत्रात चार वर्षं आणि शंभर मोहिमांचा हिशेब आहे. कलोन आहे, ल हाव्र आहे, सविस्तर म्युनिक आहे. लिमोझ नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. लिमोझला बचावासाठी जेमतेम दोन मशिनगन होत्या, त्यामुळे गॅझेटच्या हिशेबात ती रात्र बसत नव्हती. पदक जिवावरचा धोका मोजतं. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी घेतलेल्या तीन जादा फेऱ्या मोजायला त्याच्याकडे माप नव्हतं. माझ्या मते तो सन्मान लिमोझसाठीच द्यायला हवा होता.

म्युनिकही झाकून चालणार नाही. खाली उतरण्याची हीच विद्या एप्रिल १९४४मध्ये त्या शहरावर वापरली गेली, आणि तिथे आधी इशारा देणाऱ्या फेऱ्या नव्हत्या. अचूकता हे हत्यार आहे. दया ते धरणाऱ्याजवळ असावी लागते, आणि युद्धात ती दर रात्री नसते.

९ ऑगस्ट १९४५ला ब्रिटनचा निरीक्षक म्हणून तो नागासाकीवरच्या अणुबॉम्बच्या मोहिमेवर होता. त्याचं विमान ठरल्या जागी इतर विमानांना भेटू शकलं नाही. खाली जाऊन बघणाऱ्या माणसाला तो ढग मैलोगणती दुरून पाहावा लागला. त्यानं बॉम्बचा निषेध केला नाही. बॉम्बमुळे युद्ध संपलं, असंच तो मानत राहिला.

१९४८मध्ये हॅम्पशरमधल्या त्याच्या ‘ल कोर्ट’ या घरी आर्थर डाइक्स आला. कर्करोग बळावलेला, इस्पितळाकडे करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, जायला घर नव्हतं. चेशायरला शुश्रूषा येत नव्हती. त्यानं ती शिकून घेतली आणि ऑगस्टात डाइक्स जाईपर्यंत स्वतः केली. त्या खोलीतून चेशायर होम्स उभी राहिली. परदेशातलं पहिलं होम मुंबईत निघालं. ५ एप्रिल १९५९ला स्यू रायडरशी त्याचं लग्नही मुंबईतच लागलं.

वरून माणसं दिसत नाहीत, म्हणूनच बॉम्ब टाकता येतो. लिमोझला तो पहिल्यांदा माणसांसाठी खाली उतरला. डाइक्सच्या खाटेशी पोहोचायला त्याला आणखी चार वर्षं लागली.